काशीने कूलर बंद केला

काशी महिपत डाफळे हिने मला आजवर दोनदाच फोन केला. पहिला, महिपत आंब्याच्या कलमावरून पडला त्या सकाळी. दुसरा गेल्या एप्रिलात, भर दुपारी दीडच्या सुमाराला. म्हणाली, "भाऊ, तुमचा कूलर बंद केलाय मी. घेऊन जावा." आणि फोन ठेवला.

माझं डोकं फिरलं. तो कूलर मी दारोदार फिरून उभा केला होता. आंबा उतरवणारे, पेट्या भरणारे, टेम्पोवर चढवणारे अशा माणसांची आमची संघटना आहे. त्यातल्या एकेकाच्या मागे लागून, काहींशी भांडून मी तो आणला होता. कूलरशेजारी उभा राहून फोटो काढला होता, ग्रुपवर टाकला होता. आणि ही बाई चौथ्या दिवशी सांगते, घेऊन जावा. गाडीला किक मारली आणि निघालो. गोळपच्या पुढे सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, त्यांची वाडी आहे. तिथवर तिला काय काय सुनवायचं याची उजळणी करत गेलो.

काशीला सुनावणं सोपं नाही, कारण ती उलट बोलत नाही. लांज्याकडची पोर. लहानपणी काजूच्या कारखान्यात बी फोडून बोटं काळी झालेली, ती अजून तशीच आहेत. लग्न होऊन इकडे आली ती आंब्याच्या आढीत कामाला लागली. आढी म्हणजे भाताच्या पेंढ्यावर आंबा मांडून पिकत घालतात ती. काशी पेंढ्यात हात घालायची आणि हाताच्या मागच्या बाजूने सांगायची, हा थर आज परता, तो उद्या. बागायतदार तिच्या हातावर पेट्यांची तारीख ठरवायचे. मजुरी मात्र बाकीच्या बायांएवढीच द्यायचे, त्यावरून मी दोनदा तमाशा केला आहे.

महिपत तिचा नवरा, माझा दोस्त. शेंड्यावरचं फळ देठासकट झेल्यात, काठीच्या जाळीत, घेणारा गडी. चार वर्षांपूर्वी आप्पा नागवेकरांच्या बागेत फांदी मोडली आणि तो खालच्या दगडी गडग्यावर पाठीवर आपटला. मणका गेला. छातीच्या खाली हालचाल नाही, जाणीव नाही. हात चालतात. तोंड पहिल्यापेक्षा जास्त चालतं. भरपाईसाठी मी आप्पांवर केस घातली, ती चालूच आहे.

छातीखाली त्याला घामही येत नाही. ही गोष्ट पहिली तीन वर्षं कोणाच्या ध्यानात आली नाही, कारण तेव्हा ती दोघं जुन्या मातीच्या घरात होती. वर नळ्यांची कौलं, आत अंधार, उन्हाळ्यातही भिंतीला पाठ लावली की बरं वाटायचं. मग घरकुल मंजूर झालं. कागद मी फिरवले, साहेबांच्या टेबलावर मूठ मी आपटली. जुनं पाडून त्याच जागेवर चिऱ्याच्या भिंती आणि वर स्लॅब. जानेवारीत नारळ मीच फोडला. मार्च संपला आणि स्लॅब तापायला लागला. खाली कातळ, वर स्लॅब, मध्ये खाटेवर महिपत.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याला ताप भरला. रक्त तपासलं, लघवी तपासली, फोटो काढला. काहीच नाही. डॉक्टरांनी त्याच्या पोटावर हात ठेवला आणि मग आम्हाला समजावलं. आपल्याला घाम येतो म्हणून आपण तगतो. याला येत नाही. खोली तापली की हाही तापणार. "एकशे तीनवर गेलं तर लगेच इकडे आणा. एकशे पाचवर गेलं तर आणून काय होईल ते मी सांगू शकत नाही. खोलीचं काहीतरी करा. एसी, कूलर, बघा काय जमतंय."

महिपत म्हणाला, "आयुष्यभर घाम गाळला, आता सुटलो. मोठी माणसं बिनघामाची असतात ना, तसा झालो मी."

डॉक्टर चिठ्ठी लिहीत राहिले.

त्याचा धाकटा भाऊ नितेश मुंबईत एका सोसायटीत वॉचमन आहे. त्याने त्याच संध्याकाळी फोन करून सांगितलं, पनवेलकडे अशा माणसांसाठी एक संस्था आहे. नर्स आहे, एसी आहे, बाहेर बाग आहे. मी बोलून ठेवलंय. नितेश वाईट नाही. दर शनिवारी फोन करणारा, भावासाठी जीव टाकणारा आहे. पण तो काशीला म्हणाला, "वयनी, तुझ्या हट्टापायी दादाला भाजून मारशील." हे वाक्य काशीने मला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती.

"ते काय बोलले?" मी विचारलं. ते म्हणजे महिपत.

"बोलले, तिथं मला हाक मारणारा कोण असंल."

म्हणजे हिशेब उघड होता. खोली थंड करा, नाहीतर माणूस पनवेलला तरी जाणार, नाहीतर पनवेलच्याही पुढे.

एसीचा विचार आधी झाला. वाडीतला वायरमन लवू शिवलकर मीटरशी तारा लावून बघून गेला. दुपारी सगळ्यांचे पंखे सुरू झाले की तिथे एकशे साठ व्होल्टच्या वर दाब येत नाही. "एसी घरघरंल आनि बसंल," लवू म्हणाला. "स्टॅबिलायझर लावलास तरी रोज दुपारी लाइट जाते तिचं काय करशील? तवा तो भिंतीवरचा शोकेसचा पीस."

मग मी कूलर म्हटलं. आदल्या वर्षी सोलापुरात आमचं शिबिर होतं. बाहेर त्रेचाळीस डिग्री, आणि आम्ही शाळेच्या एका खोलीत खसाच्या कूलरपुढे चादर ओढून झोपलो होतो. ती झोप मी विसरलो नव्हतो. सोलापुरात चालतं ते रत्नागिरीत का चालणार नाही? हा प्रश्न मी कोणालाच विचारला नाही. मला वाटलं, उत्तर मला माहीत आहे.

टेम्पोतून कूलर उतरला तेव्हा काशी त्याच्याभोवती एक फेरी मारून आली. "ह्यात पाणी घालायचं?"

"हो. पंचवीस लिटर."

"आनि ते जातं कुठं?"

"हवेत. म्हणून तर थंड होतं."

तिने खोलीकडे पाहिलं. मी म्हटलं, "आणि दारं-खिडक्या लावून घ्या वहिनी, नाहीतर थंडावा सगळा बाहेर." तिच्या ओठावर काहीतरी आलं होतं. मी घरकुल आणून देणारा, केस लढणारा. ती बादली आणायला गेली. पहिला अर्धा तास महिपत राजासारखा पडून होता. तेवढ्यात मी फोटो काढला.

तर त्या दुपारी मी दारात पोचलो तो तोंड उघडूनच. "वहिनी, वस्तू फुकट मिळाली की तिची किंमत..." एवढंच म्हणून आत पाय टाकला आणि चष्म्यावर वाफ धरली. खोली भात शिजवायच्या टोपासारखी झाली होती. भिंतीला हात लावला तर ओला. उशी ओली, काडेपेटी मऊ पडलेली. समुद्र तीन-चार कोसांवर, हवेत आधीच पाणी. त्यात मी चार दिवस रोज कितीतरी बादल्या ओतायला लावल्या होत्या, आणि खोली बंद करून.

काशीने महिपतला कुशीवर वळवून मला त्याची पाठ दाखवली. माकडहाडाच्या वर रुपयाएवढी जागा लाल झाली होती. ज्याला जाणीव नाही त्याची कातडी अशी लाल झाली की पुढे तिथे जखम होते आणि ती महिनोन्महिने भरत नाही. "चादर सुकत नाय," ती म्हणाली. मग थर्मामीटर माझ्या हातात दिला. एकशे दोन पूर्णांक आठ.

"मग आधी का नाही बोललात?"

"बोलायचं व्हतं. तुमी फोटो काढत व्हतात."

लवू तिथेच होता, कूलरची पिन काढत. तो खाली मान घालून हसला. मी त्याला झापलं.

"आढीवर कोन पानी मारतं का भाऊ?" काशी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मारलं, दार लावलं, वर पंखा सोडला, तर तिसऱ्या दिवशी काय मिळंल? फळ आतून तापतं. त्याला वारा लागतो. खालनं यायला पायजे, वरनं जायला पायजे. पानी लावायचं तर अंगाला लावा. खोलीला कशाला?"

मी काही बोलणार तोवर पंखा थांबला. लाइट गेली.

आम्ही दार-खिडक्या उघडल्या, पण दोन्ही खिडक्या एकाच बाजूच्या भिंतीत. वारा येणार कुठून आणि जाणार कुठे? काशीने ओल्या फडक्याने महिपतचं अंग पुसायला घेतलं. मी सुपाने वारा घालत होतो. महिपत मगाशी मला "या कूलरसेठ" म्हणाला होता, तो आता जीभ जड झाल्यासारखं बोलायला लागला. "झेला... झेला धर खाली," असं काहीतरी. काशीचा हात क्षणभर थांबला. मी थर्मामीटर लावला. एकशे चार.

अँब्युलन्सला फोन लावला. गाडी राजापूरच्या बाजूला होती, यायला पाऊण तास. लवू म्हणाला, टेम्पो बघतो. मी म्हटलं, उन्हातून पत्र्याच्या टेम्पोत याला घालायचं, डोकं ठिकाणावर आहे का? तो म्हणाला, मग तूच सांग. आम्ही दोघं भांडत राहिलो. काशी उठली, डोक्याला पदर गुंडाळला.

"खाट उचला. आप्पांच्या आढीत नेऊ."

आप्पा नागवेकरांची आढी वाडीच्या खालच्या अंगाला, कलमांच्या सावलीत. ज्यांच्यावर माझी केस आहे ते आप्पा. ज्यांच्या वकिलाने कोर्टात सांगितलं की हा माणूस आमच्याकडे कामाला नव्हताच, ते आप्पा.

"त्या माणसाच्या दारात?" मी म्हटलं. "वहिनी, उद्या तो हेच कोर्टात सांगेल. आम्ही सांभाळलं म्हणेल."

"सांगू दे."

"केस बुडेल."

"भाऊ," ती म्हणाली, "हा पाय तुमी धरा. तो लवू धरंल."

धरला. शेजारची दोन माणसं धावली. वर ओली चादर धरून काशी खाटेबरोबर चालत होती, मध्येच त्याच्या तोंडावर पाणी शिंपडत. पाच-सात मिनिटांची वाट. पायाखालचा कातळ चपलेतून चटके देत होता. महिपतची बडबड बंद झाली, आणि ते जास्त वाईट होतं. काशी दर दहा पावलांना "अवो" म्हणायची. दोनदा तो "हं" म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला नाही.

आप्पा दारातच आंबे निवडत बसले होते. सत्तरीचा माणूस, अंगात गंजीफ्रॉक. खाट बघितली, मग मला बघितलं. मी तोंड उघडायच्या आत काशी म्हणाली, "आप्पा, ह्यांना आत घेतंय."

आप्पा उठून बाजूला झाले. "पलीकडचा कोपरा रिकामा आहे. चपला बाहेर काढा," म्हणाले. तेवढंच.

ती खोली मी आत जाऊन कधी बघितलीच नव्हती. बाहेर घोषणा दिल्या होत्या. लांबलचक, जाड चिऱ्याची, वर नळे. भिंतीत जमिनीलगत हातभर रुंदीच्या जाळ्या आणि नळ्यांच्या खाली तेवढीच भोकं. थंड म्हणता येणार नाही, पण खालून वारा पायाला लागत होता आणि वरून बाहेर जात होता. काशीने महिपतचे कपडे काढले, अंगभर ओलं फडकं फिरवलं आणि त्याला जाळीसमोर ठेवलं. फडकं सुकलं की पुन्हा ओलं. सुकत होतं, हीच मोठी गोष्ट. आमच्या खोलीत चार दिवसांत काही सुकलं नव्हतं. मी आणि लवू आळीपाळीने सूप हलवत होतो. आप्पांनी आपला नारळाच्या हिरांचा पंखा आणून दिला. मी घेतला.

वीस मिनिटांनी एकशे तीन. अँब्युलन्स आली तेव्हा एकशे दोनला उतरला होता. त्यातल्या डॉक्टरने सलाईन लावलं, फडक्याकडे आणि जाळीकडे बघितलं, म्हणाला, "जे करताय ते थांबवू नका." चारच्या सुमाराला महिपतने डोळे उघडून आजूबाजूच्या पेंढ्याकडे पाहिलं. "मला पिकत घातलंत काय?" काशी उठून बाहेर गेली.

नऊ दिवस ती दोघं तिथे राहिली. फुकट नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून काशीने आप्पांची आढी परतायला घेतली. मी म्हटलं, कशाला? ती म्हणाली, "उपकार नको. काम केलं, जागा वापरली, फिटलं. तुमची केस मोकळी." आठव्या दिवशी आप्पांनी मला गाठून विचारलंच, "मग, ते कोर्टाचं काय ते आपसात बघायचं का?" मी उत्तर द्यायच्या आत पेंढ्यातून काशी म्हणाली, "आप्पा, आमची मजुरी सात दिसांची झाली. ती जाग्याच्या भाड्यात वळती करा. कोर्टाचं कोर्टात." आप्पा पुन्हा आंबे निवडायला बसले.

तोवर तिने घराचं ठरवलं होतं. पश्चिमेच्या भिंतीतले जमिनीलगतचे दोन चिरे काढायचे, समोरच्या भिंतीत स्लॅबच्या खाली दोन. वरच्या एका भोकात धूर ओढायचा पंखा. स्लॅबवर पोफळीच्या खांबांचा गुडघाभर उंच मांडव, त्यावर नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप, म्हणजे ऊन झापांवर पडेल आणि मधून वारा जाईल. न्हाव्याकडे असते तसली फवाऱ्याची बाटली. बस.

मी पुन्हा आडवा आलो. "घरकुलाचा शेवटचा सरकारी फोटो व्हायचाय अजून. भिंत फोडलेली दिसली तर हप्ता अडवतील."

"फोटो भिंतीचा काढनार," काशी म्हणाली, "ह्यांचा नाय."

लवूने छिन्नी मारली. मी चिरे उचलून बाहेर टाकले. झाप काशीने स्वतः विणले, आढीतल्या कामानंतर, काळ्या बोटांनी.

मेच्या पहिल्या आठवड्यात महिपत घरी आला, आणि दुसऱ्याच दिवशी नितेश आला. गाडी घेऊनच आला होता. मागची सीट काढून गादी टाकलेली, बर्फाच्या पिशव्या, ड्रायव्हर. संस्थेचा कागद खिशात. भिंतीतली भोकं बघून म्हणाला, "हे काय? ह्यातनं जनावर येईल."

"जाळी मारलीय," लवू म्हणाला.

"दादाचा जीव भोकांवर ठेवायचा?" नितेश माझ्याकडे वळला. "तुम्हीच कूलर आणला होता ना?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

काशीने त्याला पाणी दिलं. "भावोजी, चारपर्यंत बसा. एकशे दोनच्या वर गेले तर न्या. मी बॅग भरून देते."

महिपत म्हणाला, "मला विचारा कोनीतरी."

"तुमी गप ऱ्हावा. तुमची परीक्षा हाय."

नितेश दाराशी बसला. बाहेर गाडीचं इंजिन ड्रायव्हरने चालूच ठेवलं होतं, गारव्यासाठी. बाराला नव्याण्णव पूर्णांक आठ. एकला शंभर पूर्णांक चार. काशी दर पाच मिनिटांनी फवारा मारायची, हाताने पाणी पसरायची, पाठीखाली हात घालून चादर कोरडी आहे का बघायची. दीडला लाइट गेली. वरचा पंखा गरगरत थांबला. नितेशने माझ्याकडे बघितलं आणि घड्याळ बघितलं. खोलीत फवाऱ्याचा तेवढा आवाज राहिला. दोनला एकशे एक पूर्णांक दोन. नितेश उभा राहिला. "वयनी, आता एक डिग्रीसुद्धा राहिली नाही."

"चारपर्यंत बोलले मी."

"आणि नेताना वाटेत ताप वाढला तर?"

तिने पुन्हा फवारा मारला. मी मनात शिव्या घालत होतो, कोणाला ते मलाच ठाऊक नाही. घरकुलाला, कातळाला, सोलापूरला. अडीचला एकशे एक पूर्णांक सहा. महिपत गप्प झाला होता. काशी "अवो" म्हणाली. "आयकतंय," तो म्हणाला.

पावणेतीनच्या आसपास समुद्रावरून खारा वारा सुटला. रोज सुटतो तो, त्या दिवशी उशिरा आला. खालच्या भोकातून आला तो आधी काशीच्या पदराला लागला, मग महिपतच्या ओल्या पोटावर. काशीने दोन्ही तळव्यांनी त्याच्या छातीवर पाणी पसरलं आणि बाजूला झाली.  तीनला एकशे एक पूर्णांक एक. सव्वातीनला पुन्हा तेवढाच. नितेशने स्वतः थर्मामीटर झाडला, स्वतः लावला. साडेतीनला शंभर पूर्णांक सहा.

चार वाजायच्या आत तो उठला आणि बाहेर गेला. मला वाटलं, गादी काढायला गेला. गाडीच्या खिडकीशी वाकून त्याने ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं. इंजिनाचा आवाज बदलला, गाडी वळली, गादीसकट रिकामीच उतारावरून खाली जाताना दिसली.

तो आत आला आणि दाराशीच बसला. तोंड पुसलं.

"भावोजी," काशी म्हणाली, "तिथं बसून काय करताव. ही बाटली धरा. माज्या हाताला गोळे आलेत."